निळ्या पिंपावरचा चौथा आकडा

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता धामणीच्या कोंडावरच्या एसटी थांब्यापाशी ठमाबाईंनी पाण्याचा पहिला पेला ओठांपर्यंत नेला आणि न पिता खाली ठेवला.

थांब्यावर त्या वेळी पाणपोईचं उद्घाटन चाललं होतं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की चढाला लागायच्या आधी हा कोंड, म्हणजे छोटी वस्ती, येतो. थांब्याला पत्रा आहे, बाक आहे, पुढाऱ्यांची नावं आहेत, पाणी नव्हतं. ही उणीव ठमाबाईंनी महाडच्या बाजारात करवंदं विकताना दत्तोपंत देवस्थळींच्या कानावर घातली. दत्तोपंत म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांनी करवंदांचा द्रोण हातात धरूनच जाहीर केलं, की कोंडावर आपल्या आईच्या स्मरणार्थ पाणपोई होईल. त्याप्रमाणे ती झाली. झेंडूची माळ घातलेलं मोठं निळं पिंप, त्याला पितळी तोटी, साखळीला बांधलेले दोन पेले. सगळं नीट जमलं होतं. बिघडलं ते दत्तोपंतांच्या भाषणाने.

दत्तोपंतांचं घर महामार्गाला लागून आहे. शाळेत नोकरीला असल्यापासून ते सकाळचा चहा गॅलरीत घेतात आणि बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या टँकरांचे नंबर वाचतात. गाडीचे नव्हेत. टँकरच्या पाठीवर नारंगी पाटी असते, तिच्यावर संयुक्त राष्ट्रांनी (यूएन) ठरवलेला चार आकड्यांचा एक नंबर असतो, आणि आत कोणतं रसायन आहे ते त्या नंबरावरून कळतं. "अठराशे तीस," दत्तोपंत कप खाली ठेवून म्हणत. "सल्फ्युरिक आम्ल. सतराशे एकोणनव्वद, हायड्रोक्लोरिक. बाराशे तीस. मिथेनॉल चाललंय, चारू."

"नाव खाली लिहिलेलंच असतं की," त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई आतून म्हणत.

"नाव कोणीही वाचील."

या विद्येचा त्यांना रास्त अभिमान होता. महाडमध्ये पुस्तकं वाचणारे पुष्कळ, पण टँकर वाचणारा एकच. दोन शाळांनी त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. तिसऱ्या शाळेने बोलावलं नव्हतं, तिथे ते आपण होऊन गेले होते. तेव्हा कोंडावर चाळीसएक माणसं समोर बसलेली पाहून ते आईच्या आठवणींवर थोडाच वेळ थांबले आणि मूळ विषयावर आले.

"जिनिव्हात जे अठराशे तीस, तेच बिरवाडीत अठराशे तीस," ते म्हणाले. "सगळ्या जगात एक पदार्थ, एक नंबर. भाषा कळो न कळो, नंबर कळतो. तुमच्या घरोघरी निळी पिंपं आहेत. ती कारखान्यातून आलेली आहेत. ज्या पिंपाचं लेबल तुम्ही स्वतः वाचलेलं नाही, त्यातलं पाणी जनावरालाही दाखवू नका!"

टाळ्या झाल्या. उद्घाटक म्हणून ठमाबाईंनी तोटी उघडली, पेला भरला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"मंग मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्या पिंपात काय होता?"

दत्तोपंतांनी पिंपाकडे पाहिलं. पिंपावर जिथे लेबल असतं त्या जागी पांढऱ्या चौकटीत, लाल तैलरंगात लिहिलेलं होतं: "कै. यमुनाबाई विष्णुपंत देवस्थळी यांच्या पुण्यस्मरणार्थ, दत्तोपंत विष्णुपंत देवस्थळी (निवृत्त भूगोल शिक्षक, महाड) यांजकडून."

हे कसं झालं, त्याचा खुलासा आवश्यक आहे. पिंप बिरवाडीच्या भंगारवाल्याकडून आणलं होतं ते मंगेशने. मंगेश ठमाबाईंचा पुतण्या. वसाहतीत कामाला असतो, बिरवाडीला खोली घेऊन राहतो. पिंप आलं तेव्हा त्यावर कागदी लेबल शाबूत होतं. पण पेंटर ओंकारने अनुभवाची गोष्ट सांगितली: प्लॅस्टिकवर तैलरंग धरत नाही, महिन्यात पोपडे येतात. कागदावर मात्र पक्का बसतो. "सर, लेबल हाय तिथंच नाव टाकू. आपोआप चौकट मिळतेय." दत्तोपंतांना ती सूचना आवडली. ओंकार लेबलावर पांढरा हात मारत होता तेव्हा ते शेजारीच उभे होते. पण त्या वेळी "यांजकडून" लिहावं की "यांच्यातर्फे" हा निर्णय चालू होता. दोन्ही शब्दांचे गुणदोष तपासून होईपर्यंत लेबल पांढरं झालं होतं.

चारुशीलाबाईंनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, की आईंचं नाव लहान आणि तुमचं मोठं कसं. आईंचं नाव वर आहे, वरचं लहान दिसतंच, असं दत्तोपंतांनी त्यांना समजावलं होतं.

"बोला की मास्तर," ठमाबाई म्हणाल्या. "नंबर काय हाय?"

"नंबर आत आहे," दत्तोपंत म्हणाले. "म्हणजे, नावाच्या मागे."

चारुशीलाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"काकी, टेन्शन नको घेऊ," मंगेश पुढे झाला. "मी सोता वॉश केलाय. पयला साबणाचा पानी, मंग चिंच, मंग राख. एकदम क्लीन हाय."

"राखेनं तांब्या निघतो रे. अ‍ॅसिड निघतो काय?"

"वास नाय काय नाय," सोनबा म्हणाले. सोनबा कोंडातले सर्वांत वडीलधारे. कुठल्याही वादात शेवटचा शब्द त्यांचा असतो आणि बहुधा पहिलाही. "आमच्याकडं तसलाच पिंप धा वर्सं हाय. म्हस जिती हाय."

"म्हस तुमच्यासारखीच हाय. तिला काय व्हनार?"

हशा झाला, आणि त्या हशात आपली पाणपोई वाहून जाते आहे हे दत्तोपंतांच्या लक्षात आलं. उपाय सरळ होता: चौकट खरवडायची. तो उपाय त्यांना दिसत होता, आणि म्हणूनच ते इतर सर्व उपाय करून पाहू लागले.

प्रथम त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. "गेल्या आठवड्यात तुम्ही एक निळं पिंप दिलंत."

"साहेब, मी दुसऱ्या रंगाचं देतच नाय."

"त्यात आधी काय होतं?"

"कायच नव्हतं. रिकामं होतं."

मग त्यांनी वसाहतीतल्या अपघातांसाठी असलेला मदतीचा नंबर फिरवला. हा नंबर त्यांना पाठ होता. तो पाठ असावा असं ते व्याख्यानांत सांगत. वापरायची वेळ प्रथमच आली होती.

"आग आहे का?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"नाही."

"गळती?"

"नाही. तोटी चांगली आहे."

"मग आत काय आहे?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

"पिण्याचं."

"पिण्याच्या पाण्याचं आमच्याकडे नसतं. त्याला ग्रामपंचायत. आपण कोण बोलताय?"

"पिंप देणारा."

"म्हणजे तक्रार तुमच्याविरुद्ध आहे का?"

दत्तोपंतांनी फोन बंद केला आणि मंडळींना सांगितलं, की यंत्रणा सतर्क आहे.

तिसरा उपाय त्यांचा स्वतःचा होता आणि शास्त्रीय होता. निळं प्लॅस्टिक थोडंफार पारदर्शक असतं. पिंप रिकामं करून आत बॅटरी धरली, तर लेबलाची मागची बाजू आतून दिसेल. अक्षरं उलटी दिसतील, पण नंबर उलटाही वाचता येतो. नाव शाबूत राहील. पिंप रिकामं करायचं ठरलं आणि पाणी कुठे ओतायचं यावर कोंडाची सभा भरली. सोनबांना ते आपल्या काजूखाली नको होतं. मंगेशला विहिरीच्या अंगाला नको होतं. ठमाबाईंनी बाकाखाली ओतू दिलं नाही. शेवटी रस्ता सरकारचा आहे या मुद्द्यावर एकमत होऊन पिंप रस्त्यावर आडवं झालं. सोनबांनी वाकून पाहिलं.

"डांबराला काय झाला नाय," त्यांनी निर्णय दिला.

"डांबर पाणी पीत नाही, सोनबा," दत्तोपंत म्हणाले. त्यांनी चष्मा सावरला, मोबाईलची बॅटरी लावली, आणि आडव्या पिंपात कंबरेपर्यंत शिरले.

आत सगळं निळं होतं. लेबलाच्या जागी जास्त निळं होतं. बाहेरून चारुशीलाबाईंचा आवाज आला, "अहो, ज्यातलं पाणी प्यायला नको, त्यात डोकं घातलंत?"

याचं उत्तर त्यांच्यापाशी होतं, पण ते आतल्या आत घुमलं. तेवढ्यात ब्रेक लागल्याचा आवाज झाला. महाबळेश्वरहून उतरणारी, पोलादपूरमार्गे महाडला जाणारी एसटी थांब्यावर आली होती. रस्त्यात पिंप असल्यामुळे ती थांबलीच. कंडक्टर श्रुतिका खाली उतरली. पिंपाच्या तोंडातून बाहेर आलेली धोतराची टोकं आणि तपकिरी बूट तिने पाहिले, आणि तिचा आवाज एकदम नववीतला झाला.

"सर?"

दत्तोपंत बाहेर आले. केसांना झेंडूची पाकळी होती. "श्रुतिका का? बस. म्हणजे, उभी राहा. एक छोटीशी तपासणी चालू आहे."

"सरांना टँकरचे नंबर येतात," श्रुतिकाने वळून अख्ख्या बसला अभिमानाने सांगितलं. "आम्हाला वर्गात शिकवायचे. सर, काय निघालं?"

या क्षणी सोनबा बाकावर बसले. एरवी कोणी आग्रह केल्याशिवाय ते बसत नसत. "ठमे," ते म्हणाले, "मी पयलाच प्यालोय."

"काय प्यालाव?"

"ह्याच्यातला पानी. सकाळी. चव बगाया. दोन पेले."

ठमाबाईंनी पुढे होऊन सोनबांच्या कपाळाला हात लावला. "काय व्हतंय?"

"भूक लागलेय."

दत्तोपंतांनी पोलादपूरच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. बोलताना त्यांचा आवाज व्याख्यानाचा राहिला नव्हता. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घेऊन या. पण पिंपात आधी काय होतं, तेवढं सांगा. नंबर तुम्हाला पाठ असतात ना?"

फोन ठेवल्यावर दत्तोपंतांनी आपल्या आईच्या नावाकडे पाहिलं. मग ओंकारकडे. उद्घाटनाची तारीख नावाखाली घालायची होती म्हणून ओंकार सामानाची पेटी घेऊनच आला होता.

"थिनर दे."

"सर, पेट्रोलपंपावरची पाटी एकदा पुसली व्हती, ती..."

"थिनर दे, आणि फडकं दे."

ओंकारने डबा पुढे केला. दत्तोपंतांनी तो हातात घेतला, सवयीने फिरवला, आणि डब्याच्या मागचा बारीक नंबर वाचला. "बाराशे त्रेसष्ट. रंग आणि रंगाचं थिनर. लगेच पेट घेतं. विड्या विझवा!"

तीन विड्या विझल्या. बसच्या खिडक्यांत डोकी आली. श्रुतिकाने ड्रायव्हरला सांगितलं, की सरांचं झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. आणि प्रवाशांची हरकत नव्हती. सूचना मात्र होत्या. कोणी म्हणालं गोल घासा, कोणी म्हणालं वरून खाली घासा, मागच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, की नेलपॉलिश काढायचं असतं ते वापरा. ते कोणाजवळच नव्हतं. त्यांनी तरी ते तीनदा सांगितलं.

आधी "यांजकडून" गेलं. इतक्या विचाराने निवडलेला शब्द तीन फेऱ्यांत नाहीसा झाला. मग "निवृत्त भूगोल शिक्षक, महाड" गेलं. मग दत्तोपंत विष्णुपंत देवस्थळी, मोठ्या अक्षरांत असल्यामुळे सावकाश, गेले. पांढऱ्या थराखालून एक चौकोनी चिन्ह वर आलं. हिऱ्यासारखं उभं, त्यात कलती नळी, तिच्यातून पडणारे थेंब, आणि थेंबांखाली झिजत चाललेला हात.

"हात खातंय ता," ठमाबाई म्हणाल्या.

"वर्ग आठ. जाळणारा पदार्थ," दत्तोपंत म्हणाले. "नंबर वर असणार." वर आईचं नाव होतं. फडकं तिथे थांबलं.

चारुशीलाबाई उठून त्यांच्याशेजारी आल्या. "सासूबाई पाणी दोनदा गाळून घ्यायच्या," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या हातचंसुद्धा. हे पिंप त्यांनी ओटीवर चढू दिलं नसतं."

"नसतं," दत्तोपंत म्हणाले, आणि त्यांनी आईचं नाव स्वतःच्या हाताने पुसलं.

इंग्रजी अक्षरं दिसू लागली. यूएन. मग एक. मग सात. मग नऊ. बसमध्ये आकडे मोठ्याने म्हटले जात होते. "चौथा!" श्रुतिका म्हणाली. थिनरने कागद आता भिजून मऊ झाला होता. दत्तोपंतांनी फडकं आणखी एकदा, शेवटचं, जरा घाईने फिरवलं. चौथा आकडा निघाला. तो लेबलावरून निघाला. नंबराखालची पदार्थाच्या नावाची ओळ तर त्याआधीच फडक्याबरोबर गेली होती. उरली ती नऊच्या शेजारची एक उभी काळी रेघ. ती एकाची असू शकत होती, किंवा शून्याची डावी कड.

"आता?" मंगेशने विचारलं.

दत्तोपंत ताठ उभे राहिले. "सतराशे एक्याण्णव असेल तर हायपोक्लोराइट," ते म्हणाले. "विहिरीत टाकायला देतात त्याच जातीचं. धुतलेल्या पिंपात काळजी नाही. आणि सतराशे नव्वद असेल," ते थांबले, "तर हायड्रोफ्लोरिक. ते काच खातं."

सोनबांनी दोन्ही ऐकून घेतलं. "म्हंजे एक तर औषद, नायतर काच खानारा."

"होय."

"आनि मी प्यालोय."

"होय. चला, उठा. मी तुमच्याबरोबर येतो."

त्यांनी सोनबांचा हात धरून त्यांना बसमध्ये चढवलं. मागच्या गृहस्थांनी जागा दिली. दत्तोपंतांनी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, की पहिले तीन आकडे खात्रीचे आहेत, चौथा माझ्या हातून गेला, दोन्ही धरून तयारी ठेवा. "माझ्या हातून" हे शब्द त्यांनी बसमध्ये, सगळ्यांच्या देखत, स्पष्ट उच्चारले. चारुशीलाबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. पण त्या क्षणी नवऱ्याचा त्यांना जेवढा अभिमान वाटला, तेवढा गॅलरीतल्या टँकरांमुळे कधी वाटला नव्हता. हे त्यांनी पुढे ठमाबाईंना सांगितलं. दत्तोपंतांना अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी सोनबांना तपासलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं. पिंप तीनदा धुतलेलं होतं ते कामी आलं असावं, असं ते म्हणाले. पण पुन्हा कोणतीही चव बघायची नाही, अशी सक्त ताकीद दिली. सोनबा आता आल्यागेल्याला सांगतात, की कोंडात काच खाणारं पाणी पचवलेला माणूस एकच आहे. मंगेश त्या भंगारवाल्याकडून पुन्हा पिंप घेणार नाही असं म्हणाला आहे. चिंच मात्र फुकट गेली नाही, हेही तो सांगतो.

दत्तोपंतांना वाटलं होतं, कोंडावर आता तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पुढच्या रविवारी ते गेले ते मातीचे दोन रांजण पोचवायला. एसटीतून उतरले तर रस्त्याच्या कडेला निळ्या पिंपांची रांग लागलेली. घरोघरची, गोठ्यातली, मोरीतली, एक तर लग्नाच्या मांडवातून थेट उचलून आणलेलं.

"मास्तर," ठमाबाई म्हणाल्या, "आमची वाचा."

त्यांनी वाचली. गुडघ्यांवर बसून, चष्मा कपाळावर घेऊन, एकेक. काहींवर लेबल होतं, बहुतेकांवर नव्हतं. लेबल नसेल ते पिंप पाण्याला वापरायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि कोणी वाद घातला नाही. सोनबांचं पिंपही बाद झालं. म्हशीचा दाखला त्यांनी पुन्हा दिला, पण क्षीण आवाजात. आणखी तीन वाड्यांकडून बोलावणं आलं आहे. वरंधकडच्या एका शाळेचंही आलं आहे. या वेळी शाळेने स्वतःहून बोलावलं.

रांजणांवर ओंकारने यमुनाबाईंचं नाव घातलं. मातीवर रंग छान धरतो. दुसरं नाव घालायचं नाही, हे चारुशीलाबाईंनी आधीच ठरवलं होतं आणि दत्तोपंतांनी मानलं होतं. जुनं पिंप मात्र टाकून द्यायला कोंड तयार झाला नाही. ते तळाला भोकं पाडून थांब्यामागे उभं केलं आहे, आणि लोकांनी वर्गणी काढून त्यावर लिहून घेतलं आहे: "या पिंपात पाणी भरू नये. हुकूम: दत्तोपंत विष्णुपंत देवस्थळी, महाड." अक्षरं पूर्वीपेक्षा मोठी आहेत. ओंकारने ती लेबलाच्या उरलेल्या कागदाला न लावता थेट प्लॅस्टिकवर काढली आहेत, त्यामुळे पोपडे येणार. पण दर महिन्याला हुकूम नव्याने रंगवायचा असं ठरलं आहे.

राहिला चौथा आकडा. तो फडक्याला चिकटून निघाला असणार, हे दत्तोपंतांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. फडकं शोधलं तेव्हा कळलं, की त्या रविवारी बसमध्ये चढताना ते त्यांच्या हातातच होतं. त्यांनी ते बॉनेटवर ठेवलं. पोलादपूर येईपर्यंत ड्रायव्हर त्याने समोरची काच पुसत होता, आणि दत्तोपंत त्याच काचेतून रस्त्याकडे पाहत होते. गाडी महाडच्या आगारात धुतली गेली आहे. फडकं ड्रायव्हरने सीटखाली ठेवलं की घरी नेलं, याची श्रुतिकाने चौकशी केली. तो रजेवर आहे. सोमवारी रुजू होईल, असं तिने कळवलं आहे.